दमा: श्वासाचे व्यायाम करा, पण पंप सोडू नका

हल्ली नातेवाइकांच्या मोबाईल ग्रुपवर असा एखादा व्हिडिओ हमखास येतो. कुणीतरी मांडी घालून बसलेले असते आणि सांगत असते, रोज पाच मिनिटे असा श्वास घ्या, दमा मुळापासून जाईल, पंप फेकून द्या. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्या घरातली माणसे हा व्हिडिओ मोठ्या आशेने पाहतात. त्यात गैर काही नाही. श्वासाच्या व्यायामाने दम्याच्या रुग्णाला आराम मिळू शकतो, हे डॉक्टरही मानतात. पण ‘पंप फेकून द्या’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. भगिनींनो, या लेखात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहू.

दम्यात नेमके काय होते?

आपल्या छातीत श्वासनलिकेला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्यांना आतून सूज असते. वरून काही दिसत नसले, खोकला नसला, तरी ही सूज बऱ्याचदा आत राहतेच. मग धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, उग्र वास किंवा जोराचे हसणे असे काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. छातीत घरघर सुरू होते.

रुग्णाला वाटते की हवा आत येत नाही. खरी अडचण मात्र बहुतेक वेळा हवा बाहेर सोडण्याची असते. जुनी हवा आत अडकते, म्हणून नव्या हवेला जागा होत नाही. त्यात माणूस घाबरतो, तोंडाने भराभर श्वास ओढू लागतो आणि खांदे वर उचलतो. नाकातून जाणारी हवा गाळून, कोमट आणि ओलसर होऊन आत जाते. तोंडाने ओढलेली हवा कोरडी आणि थंड असते, ती नळ्यांना आणखी चिडवते. भीतीने श्वास वाढतो आणि वाढलेल्या श्वासाने भीती वाढते.

व्यायाम कशावर काम करतात?

श्वासाचे व्यायाम भीती आणि भराभर श्वासाच्या या फेऱ्यावर काम करतात. दम्यासाठीच्या अशा पद्धतींपैकी एक प्रसिद्ध पद्धत कॉन्स्टन्टिन बुटेको या सोव्हिएत डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडली. नाकाने, हळू आणि कमी श्वास घ्या, असे तिचे सार आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३९ रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ही पद्धत शिकलेल्या रुग्णांना तात्पुरत्या आरामाचा पंप पूर्वीपेक्षा बराच कमी लागू लागला. पण फुप्फुसांची ताकद यंत्रावर मोजली, तेव्हा तिच्यात फरक पडलेला नव्हता.

ब्रिटनमध्ये ६५५ प्रौढ रुग्णांवर याहून मोठा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फिजिओथेरपिस्टने समोर बसवून व्यायाम शिकवले, काहींना डीव्हीडी आणि पुस्तिका दिली, तर काहींचे फक्त नेहमीचे उपचार चालू ठेवले. व्यायाम शिकलेल्यांचे रोजचे जगणे सुधारले आणि डीव्हीडी पाहून घरी शिकलेल्यांनाही तेवढाच फायदा झाला. फुप्फुसांच्या मोजमापात मात्र इथेही फरक आढळला नाही.

या दोन्ही अभ्यासांचा अर्थ लक्षात घ्या. व्यायामाने धाप कमी वाटते, धास्ती कमी होते, जिना चढताना, कपडे धुताना बरे वाटते. ही लहान गोष्ट नाही. पण नळ्यांची सूज काढण्याचे काम व्यायामाचे नाही. ते काम औषधाचे आहे. आता बरे वाटते म्हणून पंप बंद केला, तर बाहेरून माणूस शांत दिसतो आणि आत सूज वाढत जाते. मग एखाद्या रात्री साध्या सर्दीचे निमित्त पुरते.

पहिला व्यायाम पंपाचा

व्हिडिओत कुणी सांगत नाही, पण दम्याच्या रुग्णाने सर्वांत आधी शिकायचा श्वास म्हणजे पंप ओढण्याचा श्वास. तो चुकला तर औषध जिभेवर आणि घशात बसते, छातीत पोहोचतच नाही. मग आपण म्हणतो, पंपाचा गुण येत नाही.

दाबायचा पंप असेल तर तो आधी हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. तोंड पंपावर घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच पंप दाबा आणि हळूहळू, खोल श्वास घ्या. मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरा. दुसरा झोत घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा. कॅप्सूल घालून ओढायचे यंत्र असेल तर उलट आहे. तिथे पावडर ओढायची असते, म्हणून श्वास जोरात आणि खोल घ्यावा लागतो. यंत्रात फुंकायचे नाही, आणि ती कॅप्सूल गिळायची तर मुळीच नाही.

लहान मुले आणि वयस्क मंडळी यांच्यासाठी दाबायच्या पंपाला स्पेसर जोडावा. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी. औषध तिच्यात थांबते आणि रुग्ण सावकाश ओढतो. विकतचा स्पेसर हाताशी नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे भोक पाडूनही काम भागते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या डॉक्टरांनी दम लागलेल्या मुलांवर असा बाटलीचा स्पेसर वापरून पाहिला. तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला, असे त्यांनी १९९९ मध्ये दाखवले.

पंपांचे मुख्य प्रकार दोन, हेही घरातल्या सर्वांना माहीत हवे. एक लगेच आराम देणारा, आवळलेले स्नायू सैल करणारा. दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी करणारा. दुसऱ्यात स्टेरॉइड असते, म्हणून लोक घाबरतात. पण त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम असतात. शिवाय हे औषध थेट छातीत जाते. हा पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून गुळणा करावा, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही. ‘पंपाची सवय लागते’ हे खरे नाही. फक्त आरामाच्या पंपावर दिवस काढणे मात्र धोक्याचे आहे. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही केवळ त्याच पंपावर विसंबू नका, असे सांगितले आहे.

घरी करता येतील असे तीन व्यायाम

हे व्यायाम त्रास नसताना करावेत, जेवणानंतर लगेच करू नयेत. चक्कर आली किंवा छाती भरून आली तर थांबावे.

पोटाचा श्वास: खुर्चीवर सैल बसा किंवा उशी घेऊन पडा. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. नाकाने हळू श्वास घ्या. पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मग घेतला त्याहून सावकाश सोडा. मनात दोन मोजत घेतला तर चार मोजत सोडा. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरेत. मुलांना शिकवताना पोटावर एखादे हलके खेळणे ठेवा आणि ते वर-खाली करायला सांगा. मुले हसत शिकतात.

ओठांचा श्वास: बशीतला चहा गार करताना आपण ओठ जसे करतो, तसे ओठ करा. नाकाने श्वास घ्या आणि ओठांतून बारीक धारेने सोडा. जोर लावायचा नाही. जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना हा श्वास कामी येतो.

शांत श्वास: तोंड मिटून नाकाने नेहमीसारखा छोटा श्वास घ्या, सोडा. सोडल्यावर नाक चिमटीत धरून तीन ते पाच मोजा. मग दहा-बारा सेकंद शांत श्वास घ्या. असे पाच-सहा वेळा करा. जीव कासावीस होईपर्यंत श्वास रोखायचा नाही. इथे पैज लावायची नसते.

भराभर, धक्के देत करायचे श्वासाचे प्रकार छातीत घरघर असताना टाळावेत. वेगाने श्वास घेतल्याने नळ्या कोरड्या पडतात आणि त्रास वाढू शकतो.

दम लागल्यावर काय करावे?

अशा वेळी व्यायामाने सुरुवात करू नका. आधी पंप. रुग्णाला ताठ बसवा, किंचित पुढे झुकून हात टेबलावर किंवा गुडघ्यांवर टेकवू द्या. आडवे झोपवू नका. भोवती गर्दी करू नका, खिडकी उघडा. डॉक्टरांनी लिहून दिलेली पद्धत असेल तर तीच पाळा. नसेल तर ऑस्ट्रेलियात शाळांमधून शिकवला जाणारा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. आरामाच्या पंपाचे चार झोत स्पेसरमधून एकेक करून द्या, प्रत्येक झोताला चार श्वास. चार मिनिटे थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार झोत. तरीही फरक नसेल तर १०८ वर फोन करा आणि मदत येईपर्यंत याच पद्धतीने पंप देत राहा. मधल्या वेळात ओठांचा श्वास घ्यायला सांगा, त्याने घबराट कमी होते.

रुग्णाला एक वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, श्वासाबरोबर बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते किंवा मूल गळून गेले आहे, तर थांबण्यात वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा, वाटेतही पंप चालू ठेवा. आणि घरघर अचानक ऐकू येईनाशी झाली पण मूल थकलेलेच असेल, तर तो आराम समजू नका. हवा फिरणेच कमी झाल्याची ती खूण असू शकते.

लपवाछपवीची किंमत

माझ्या वर्गात आठवीत एक मुलगी होती. पी.टी.च्या तासाला ती रोज पोटदुखी सांगून बाकावर बसायची. तिला दमा होता आणि पंप घरी कपाटात होता. मैत्रिणींनी पाहिला तर मोहल्ल्यात कळेल, पुढे रिश्त्याला अडचण येईल, असे तिच्या दादीला वाटायचे. पंपाऐवजी तिला श्वासाचा व्यायाम सांगितला होता, कारण तो कुणाच्या नजरेत येत नाही. तिच्या अम्मीशी दोन-तीनदा बोलल्यावर एक पंप शाळेच्या कपाटात आला. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे खेळण्याच्या पंधरा मिनिटे आधी ती तो घेऊ लागली आणि मैदानात उतरली.

अशा मुली मोठ्या होऊन सासरी जातात तेव्हा पंप पर्सच्या तळाशी जातो. फोडणीचा ठसका, लोबानचा धूर, गाद्या झटकताना उडणारी धूळ, सारे सोसत ती बाथरूममध्ये जाऊन पंप घेते किंवा घेतच नाही. दिवस राहिले की बाळाच्या काळजीने तोही बंद करते. वास्तविक गरोदरपणात दमा आटोक्यात नसणे हेच आई आणि बाळ दोघांसाठी जास्त धोक्याचे असते. तेव्हा पंप डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करावा. सासूबाईंनी, नणंदेने चष्म्याकडे पाहावे तसे पंपाकडे पाहिले, तर सुनेला लपण्याची वेळ येणार नाही. रिश्ता ठरवताना हे सांगून टाकणेच दोन्ही घरांच्या हिताचे आहे.

रमजानच्या दिवसांत

रोज्यात पंप घ्यावा की नाही, याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना जरूर विचारा, पण रमजान लागण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडेही जा. दिवसातून दोनदा घ्यायचा सूज कमी करणारा पंप पुष्कळांना सहेरी आणि इफ्तारला घेता येतो. रोज्याच्या वेळी दम लागला तर पंप घेण्यास क्षणभरही कचरू नका. आजारी माणसाला रोजा सोडण्याची आणि पुढे कजा करण्याची सवलत दीनमध्येच आहे. ईदच्या आधी घराची झाडलोट आणि रंगकाम निघते, तेव्हा रुग्णाला दोन दिवस दुसरीकडे पाठवा.

आज एक काम करा. कागदावर रुग्णाचे नाव, दोन्ही पंपांची नावे, दम लागल्यावर किती झोत द्यायचे ते आणि डॉक्टरांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि घरातल्या सर्वांत लहान वाचत्या मुलालाही तो एकदा वाचायला लावा. मूल शाळेत जात असेल तर त्याची एक प्रत आणि एक पंप वर्गशिक्षकांकडे द्या. शिक्षकांना माहीत असेल तरच ते वेळेवर मदत करू शकतील.