कागद पॅनेलला सांगा, मजकूर संगणकाला

मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. खरेदीखत, प्रतिज्ञापत्र, वारसनोंद, भाडेकरार अशा कामांसाठी ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्यांपासून हिंजवडीच्या सोसायट्यांपर्यंतची माणसे कुठल्या ना कुठल्या कचेरीत, वकिलाकडे किंवा टायपिंगच्या दुकानात जातात, आणि त्यांचे कागद प्रिंटरमधूनच बाहेर पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अशा अनेक दस्तांसाठीचा शंभराचा मुद्रांक पाचशेवर गेला. म्हणजे छापताना मुद्रांक सुरकुतला, वाकडा ओढला गेला किंवा अर्धाच उमटला, तर पाचशे रुपये आणि एक खेप वाया. असे नुकसान झाले की दोष यंत्राला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा प्रिंटरच्या पॅनेलवर असते, आणि त्या पॅनेलविषयी आपल्या ऑफिसांत फार गैरसमज आहेत.

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज असा, की पॅनेलवर एखादी गोष्ट बदलली की पुढची प्रत्येक प्रिंट तशीच निघणार. कागद वाचावा म्हणून कुणीतरी पॅनेलवर ‘डुप्लेक्स’ सुरू करते, आणि पुढचा मोठा अहवाल पुन्हा एकाच बाजूला छापून येतो. यंत्राने इथे नियम मोडलेला नसतो. छपाईच्या सूचना तीन ठिकाणांहून येतात: ज्या प्रोग्रॅममधून प्रिंट दिली तिथून, संगणकातल्या ड्रायव्हरकडून, आणि पॅनेलवरून. शब्दाला मानही त्याच क्रमाने मिळतो. वर्डमध्ये किंवा पीडीएफच्या प्रिंट खिडकीत जे निवडले ते सगळ्यांत वरचढ. तिथे काही निवडले नसेल तर ड्रायव्हरमधले चालते. पॅनेलचे ऐकले जाते ते या दोघांनी काहीच सांगितले नसेल तरच, आणि ड्रायव्हर सहसा गप्प बसत नाही; ‘एकाच बाजूला’ हेही तो स्पष्ट सांगून मोकळा होतो. म्हणून सगळ्यांच्या प्रिंट दोन्ही बाजूंनी हव्या असतील, तर प्रत्येक संगणकावर त्या प्रिंटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन तसे ठरवावे लागते.

झेरॉक्स काढताना, पेन ड्राइव्ह थेट यंत्राला लावताना किंवा स्कॅन करताना मधे संगणक नसतो. तिथे पॅनेलचीच सत्ता. त्यामुळे एकाच यंत्रातून झेरॉक्स दोन्ही बाजूंनी आणि प्रिंट एका बाजूने निघते. हा बिघाड नाही.

मग पॅनेलचे खरे काम कोणते? जे संगणकाला दिसत नाही ते यंत्राला सांगणे. ट्रेमध्ये कोणता कागद ठेवला आहे, हे टेबलावरच्या संगणकाला कळायला मार्ग नाही. बहुतेक यंत्रे ट्रे आत ढकलल्याबरोबर पडद्यावर विचारतात: आकार कोणता, प्रकार कोणता? घाईत आपण न वाचता ‘ओके’ दाबतो, आणि पुढची निम्मी दुखणी त्या क्षणी सुरू होतात.

आकाराचेच पाहा. ‘ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या कागदाला टेकवल्या की आकार यंत्राला आपोआप कळतो,’ असे समजले जाते. मोठ्या यंत्रांना काही अंशी कळतो. लहान यंत्रांत त्या पट्ट्या फक्त कागद सरळ धरतात. आकार आपणच सांगायचा असतो. आपल्याकडचा नेहमीचा ए-फोर २१० गुणिले २९७ मिलिमीटर. अमेरिकेत चालणारा ‘लेटर’ २१६ गुणिले २७९. पॅनेलवर किंवा प्रोग्रॅममध्ये चुकून ‘लेटर’ राहिला, की भरलेल्या ट्रेसमोरही यंत्र कागद मागत थांबते. तेव्हा ट्रे पुन्हा पुन्हा उघडून उपयोग नाही. पडद्यावर कोणता आकार मागितला आहे तो वाचायचा, आणि फाइलचे पान व ट्रेचा आकार जुळवायचा.

लीगलचा घोटाळा याहून चिवट आहे, आणि दस्तांच्या कामात रोजचा आहे. प्रिंटरच्या यादीतला ‘लीगल’ म्हणजे २१६ गुणिले ३५६ मिलिमीटर. आपल्या बाजारात लीगल म्हणून मिळणारा कागद मात्र अनेकदा २१५ गुणिले ३४५ असतो, म्हणजे लांबीला ११ मिलिमीटर आखूड. यंत्र ३५६ ची वाट पाहते, कागद आधीच संपतो, आणि पडद्यावर आकार जुळत नसल्याची किंवा कागद अडकल्याची सूचना येते. आत मात्र काहीच अडकलेले नसते. काही कंपन्यांनी हे ओळखून यादीत ‘इंडिया लीगल’ असा वेगळा आकार दिला आहे, पण तो खाली दडलेला असल्याने कुणी तिथपर्यंत जात नाही. तो नसेल तर ‘कस्टम’मध्ये लांबी-रुंदी भरता येते. पट्टी घेऊन कागद एकदा मोजा. माझ्या मते दस्त छापणाऱ्या प्रत्येक दुकानात हे मोजमाप यंत्रावर चिकटवलेले असावे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई आणि किमान ७५ जीएसएम जाडी असा नियम केला, पण जुन्या लांब कागदाची सवय सगळीकडून गेलेली नाही. त्यामुळे दोन्ही आकार एकाच यंत्रातून जातात आणि ट्रेची नोंद मागे राहते.

आता प्रकार. ‘प्लेन’, ‘थिक’, ‘थिन’, ‘बाँड’ ही यादी नावापुरती आहे, असे अनेकांना वाटते. लेझर प्रिंटरमध्ये ती सगळ्यांत महत्त्वाची. टोनर ही शाई नव्हे, प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते. आधी ती विजेच्या भाराने कागदावर बसते, मग फ्यूझर नावाचा तापलेला रोलर तिला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून दाबतो. जाड कागद उष्णता जास्त खातो. यंत्राला ‘थिक’ सांगितले की ते कागद सावकाश सोडते किंवा रोलर अधिक तापवते. ‘प्लेन’ ठेवून मुद्रांक किंवा जाड लेजर कागद घातला, तर अक्षरे दिसायला ठीक उमटतात, पण पक्की बसत नाहीत. छापलेल्या ओळीवरून अंगठा घासा. काळी धूळ बोटाला लागली तर प्रकार चुकला आहे. असा दस्त घडी घालून फाइलमध्ये राहिला की घडीवरची अक्षरे पोपडे धरून सुटतात, आणि तिथेच गट नंबर किंवा क्षेत्र असेल तर पुढे वाद ओढवतो.

मुद्रांक मुख्य ट्रेमध्ये घालूही नये. समोरची किंवा मागची उघडणारी झडप, म्हणजे मॅन्युअल फीड, त्यासाठीच असते: वाट सरळ, वळण कमी. पॅनेलवर त्या झडपेसाठी आकार आणि जाड प्रकार निवडा, संगणकावरही तोच स्रोत निवडा, आणि आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर एक नमुना काढा. काम झाले की झडपेची नोंद परत ‘प्लेन’वर आणा. पॅनेलवरचा बदल सगळ्यांसाठी असतो. तुमचा मुद्रांक छापून झाला तरी यंत्र पुढच्या माणसाचा पातळ कागद जाड समजून तापवत राहील.

पावसाळ्यात या सगळ्यात भर पडते. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, आणि कागद ती ओल पितो. ‘पावसाळ्यात प्रिंटर बिघडतो’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. बहुतेक वेळा बिघडतो तो कागद. दमट कागदावर विजेचा भार टिकत नाही, म्हणून टोनर ठिकठिकाणी फिका बसतो. फ्यूझरखाली त्यातले पाणी एकदम वाफ होते, कागद सुरळीसारखा वळतो आणि बाहेर पडताना अडकतो. कधी कधी ट्रेच्या तोंडाशी पांढरी वाफ दिसते, आणि ऑफिसात धूर-धूर म्हणून धावपळ होते. जळका वास असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे, हे खरेच. पण वास नसलेली आणि पहिल्या काही पानांनंतर विरणारी पांढरी वाफ ही कागदातली ओल असते.

अशा वेळी पॅनेलवर ‘डेन्सिटी’ वाढवायचा मोह होतो. त्याने टोनर जास्त जातो, फिके डाग तसेच राहतात. रीमचे वेष्टन ओल अडवण्यासाठीच असते. ते पूर्ण फाडून कागद कपाटात मोकळा ठेवू नका. ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद घाला आणि संध्याकाळी उरलेला परत वेष्टनात गुंडाळा. गठ्ठा ट्रेमध्ये उलटून ठेवल्यानेही वळण कमी होते. एवढ्याने भागले नाही तर पॅनेलकडे वळा. अनेक यंत्रांत ‘रिड्यूस पेपर कर्ल’सारखी सोय असते, ती फ्यूझरची उष्णता कमी करते. ती नसेल तर प्रकार ‘थिन’ किंवा ‘लाइट’ करून पाहा, आणि अंगठ्याची चाचणी पुन्हा करा.

पावसाबरोबर वीज जाते, आणि वीज परतल्यावर संगणक प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. लगेच केबल बदलली जाते, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला जातो. वीज आल्यावर राउटर प्रत्येक यंत्राला नव्याने पत्ता वाटतो, आणि प्रिंटरच्या वाट्याला दुसरा आयपी पत्ता येऊ शकतो. संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. पॅनेलवर ‘नेटवर्क’मध्ये आत्ताचा पत्ता दिसतो, तो संगणकातल्या पोर्टच्या पत्त्याशी ताडून पाहा. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणे. पॅनेलवर हाताने पत्ता भरूनही चालते, पण राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देणार नाही याची खात्री आधी करायला हवी.

‘वीज जाते, म्हणून प्रिंटर यूपीएसवर लावावा’ हेही चुकीचे. लेझरचा फ्यूझर तापताना काही क्षण कित्येकशे वॉट, मोठ्या यंत्रात हजाराच्याही वर ओढतो. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. लेझर त्यावर लावला की यूपीएस बसतो आणि त्यावरचा संगणकही बंद पडतो. शाईच्या प्रिंटरचे वेगळे आहे. तो भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये. पॅनेलवरचे पॉवरचे बटण दाबले की हेड आपल्या जागी जाऊन झाकणाखाली बसते. अचानक वीज तोडली तर ते उघडे राहू शकते आणि त्यातली शाई सुकते.

मराठीविषयीचा एक गैरसमज फार दूरवर पसरला आहे: पॅनेलच्या यादीत मराठी नाही, म्हणून प्रिंटर मराठी नीट छापत नाही. पॅनेलची भाषा ही फक्त पडद्यावरच्या सूचनांची भाषा. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांची मांडणी संगणकात होते; प्रिंटरकडे जातात ते तयार आकार. मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग आली, तर फाइल बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या या फॉन्टांवर मराठी छपाई कित्येक वर्षे चालली. पण त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे मूळ रोमन अक्षरेच दिसणार. फाइल जिथे तयार झाली तिथेच फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या, आणि नवे काम युनिकोडमध्येच करा. पेन ड्राइव्ह थेट यंत्राला लावून छापतानाही पीडीएफच न्यावी. बहुतेक यंत्रे वर्डची फाइल वाचत नाहीत.

मोजणीच्या नकाशांबाबत एक इशारा. ए-थ्री नकाशाची ए-फोरवर झेरॉक्स काढताना पॅनेल ७१ टक्के सुचवते, किंवा ‘ऑटो’ असेल तर न विचारता करून टाकते. १:१००० चा नकाशा मग जवळपास १:१४०० चा होतो, पण कोपऱ्यात छापलेले प्रमाण १:१००० च राहते. अशा प्रतीवर पट्टी ठेवून बांधाचे अंतर काढू नये. मापासाठी लागणारी प्रत १०० टक्क्यांवर, ए-थ्रीवरच काढावी.

टोनरबद्दल थोडक्यात. ‘टोनर लो’ म्हणजे संपला नव्हे. डब्यावरची पानांची संख्या पानाचा सुमारे ५ टक्के भागच काळा धरून दिलेली असते, त्यामुळे दाट मजकुराला ती कमी भरते. पॅनेलवर अनेकदा ‘थांबा’, ‘विचारा’ आणि ‘चालू ठेवा’ असे पर्याय असतात. ‘चालू ठेवा’ निवडले तर अक्षरे फिकी होईपर्यंत काम चालते. फक्त मुद्रांक छापायचा असेल त्या दिवशी हा धोका पत्करू नका.

आणि शेवटचा उपाय म्हणून सर्रास सुचवले जाणारे ‘फॅक्टरी रीसेट’. अडकलेला कागद, घासलेला रोलर किंवा संपत आलेला ड्रम यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट ट्रेच्या नोंदी, स्कॅनचे पत्ते आणि काही यंत्रांत नेटवर्कही पुसले जाते. यंत्र विकताना मात्र वेगळीच काळजी लागते, कारण मोठ्या कॉपियरमध्ये हार्ड डिस्क असते आणि झेरॉक्स केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा कंपनीने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले, त्यांतून रुग्णांची माहिती बाहेर गेली, आणि २०१३ मध्ये त्या कंपनीला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडे अशा यंत्रावर आधार, पॅन आणि सातबारा रोज ठेवले जातात. डिस्क पुसण्याचा पर्याय रीसेटमध्ये नसतो, सुरक्षेच्या यादीत वेगळा असतो. यंत्र परत देण्याआधी सर्व्हिस इंजिनिअरकडून तो समोर बसून चालवून घ्यावा. रोजच्या दुरुस्तीसाठी काहीही बदलण्यापूर्वी पॅनेलवरून ‘कॉन्फिगरेशन रिपोर्ट’ छापा. नेटवर्कचा पत्ता, ट्रेचे आकार, आतापर्यंतच्या पानांची संख्या यांसारख्या नोंदी त्यावर येतात. त्यावर तारीख घालून तो यंत्राशेजारी ठेवला, की रीसेट चुकून झाला तरी सगळे पुन्हा भरता येते.