पोर्तुगीजमध्ये विमानाचं तिकीट: पाच वाक्यं आणि एक सापळा

माल बघायला किंवा प्रदर्शनाला पोर्तुगाल-ब्राझीलला जाणार असाल, तर तिकीट काउंटरवर एवढं पुरतं. वहीत उतरवून घ्या आणि व्हिडिओसोबत मोठ्याने म्हणा.

१. केरु उमा पासाझें पारा लिज्बोआ: मला लिस्बनचं तिकीट हवंय. 'पासाझें' ब्राझीलमध्ये चालतं. पोर्तुगालमध्ये 'उमा पासाझें'ऐवजी 'उं बिल्येत' म्हणा.
२. इदा इ वोल्ता: जाऊन-येऊन. फक्त जायचं असेल तर 'सो इदा'.
३. क्वांतु कुस्ता?: किती पैसे?
४. आ बागाझें इस्ता इंक्लुइदा?: यात सामान धरलंय का? हे विचाराच, सॅम्पलची बॅग असतेच ना!
५. पोसु पगार कों कार्तांव?: कार्डने पैसे देऊ का? 'पगार' म्हणजे पैसे देणे. आपला पगार तिथूनच आलाय!

आता सापळा. पोर्तुगीज लोक वार रविवारपासून मोजतात. 'सेगुंदा' म्हणजे दुसरा, पण वार सोमवार! तेर्सा मंगळवार, क्वार्ता बुधवार, किंता गुरुवार, सेस्ता शुक्रवार. आपण सोमवार पहिला धरून 'सेगुंदा'ला मंगळवार समजलो, तर विमान आदल्या दिवशीच गेलेलं असेल. स्वस्त तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. सौद्यातला नफा तिथेच गेला.

म्हणून वार बोलू नका, तारीख कागदावर लिहून दाखवा. तिथेही आपल्यासारखाच आधी दिवस, मग महिना. छापलेली तारीख वाचा, मगच कार्ड पुढे करा.

आणि निघताना 'ओब्रिगादु'. ताईंनी 'ओब्रिगादा' म्हणायचं. भेटू पुढच्या व्हिडिओत!