आधी वही बघा, मग वेबसाइट



ऊस विकास विभागाच्या पानावर वेबसाइटचा विषय बघून काही जण म्हणतील, "साहेबांनी ऊस सोडून हे काय काढलं?" पण विषय उसाचाच आहे. आपल्या कार्यक्षेत्रात एक डोळा रोपांच्या वाटिका वाढल्या आहेत. शेडनेट, ट्रे, कोकोपीट हे शब्द आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडात बसले आहेत. बेण्याची बचत होते, तूट कमी पडते, आणि वाटिका चालवणाऱ्याला चार पैसे मिळतात. धंदा म्हटला की गिऱ्हाईक आले, आणि आजचे गिऱ्हाईक आधी मोबाइलवर शोधते. म्हणून "साहेब, वेबसाइट कुठली करू?" असा प्रश्न आम्हाला गट कार्यालयात, बांधावर आणि लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारला जातो.

उत्तर देण्याआधी आमची चूक सांगतो, म्हणजे तीच चूक तुमच्याकडून होणार नाही.

2023 च्या आडसाली लागणीच्या आधी आमच्या गटातील एका सभासदाने रोपवाटिकेची वेबसाइट करायचे ठरवले. मुलगा शिकलेला, हौशी. त्याने आम्हाला विचारले. आम्ही एका मेळाव्यात पाहिलेले ऑनलाइन दुकान डोळ्यासमोर होते. फोटो, भाव, "खरेदी करा" असे बटण, लगेच पैसे जमा. आम्ही म्हणालो, असेच करा. पोराने आठ-दहा दिवस खपून दुकान उभे केले. दिसायला झकास!

वाटिकेत रोपे होती साठ हजार, पण ती तीन लॉटमध्ये. वीस हजार जुलैच्या पहिल्या आठवड्यात तयार, पुढची वीस हजार दहा दिवसांनी आणि शेवटची त्यानंतर दहा दिवसांनी. दुकानाच्या सॉफ्टवेअरला मात्र एकच आकडा कळत होता: शिल्लक साठ हजार. मागणी आली बावन्न हजारांची. आम्ही खूश. एक जुलैला कळले की त्यातली अडतीस हजार रोपे लोकांना पहिल्याच आठवड्यात हवी आहेत. हवी असणारच. लागणीची तारीख मागे गेली की तोडही मागे जाते, हे आम्ही सभासदांना सांगायला नको.

रोपे तयार वीस हजार, मागणी अडतीस हजारांची. अठरा हजार रोपे म्हणजे पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक या हिशोबाने चार एकरांहून जास्त रान. सऱ्या सोडलेल्या, मजूर सांगितलेले, टेंपो दारात उभा. एक सभासद आम्हाला तोंडावर म्हणाले, "साहेब, पैसं मोबाइलनं घेतलं, आता रोपंबी मोबाइलमधनंच काढून द्या." आम्ही मान खाली घातली. काहींनी पैसे परत घेऊन दुसरीकडून रोपे आणली, काहींची लागण पंधरा दिवस लांबली. शेवटच्या लॉटला गिऱ्हाईक उरले नाही. रोपे ट्रेमध्येच वाढून वयात गेली, त्यातली बरीच टाकावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळी त्या घरच्या सूनबाईंनी एक वही पुढे ठेवली. वेबसाइट यायच्या आधी बुकिंग त्याच घेत असत. वहीत रकाने आखलेले: नाव, गाव, फोन, जात, रोपे किती, कोणत्या लॉटची, कोणत्या तारखेला नेणार, ॲडव्हान्स, बाकी. प्रत्येक लॉटला वेगळे पान, आणि पान वीस हजारांवर आले की खाली तांबडी रेघ. त्या म्हणाल्या, "माझ्या वहीत तारीख हाय, तुमच्या दुकानात तारखेला जागाच न्हाई."

आमचे डोळे तिथे उघडले. सॉफ्टवेअर खराब नव्हते, ते या कामाचे नव्हते. चोपण रानात तग धरणारी म्हणून आपण फुले 265 सांगतो. जमीन न पाहता जात निवडणाऱ्याला आम्हीच बोल लावतो, आणि इथे आम्हीच धंदा न पाहता वेबसाइट सांगून बसलो होतो.

आता प्रकार किती आहेत ते सोप्या भाषेत सांगतो.

पहिला प्रकार: वेबसाइट न करणे. हाही एक निर्णय आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात 2018 मध्ये आले. ते फुकट आहे, मालाची यादी फोटोसह लावता येते, आपण रानात असताना आपोआप उत्तरही जाते. त्याच्या जोडीला गुगलच्या नकाशावर आपल्या वाटिकेची नोंद करावी. तीही फुकट. नाव, फोन, वेळ आणि रस्ता गिऱ्हाइकाला दिसतो. ज्याचे गिऱ्हाईक पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतले आहे, त्याला पुष्कळदा एवढे पुरते.

दुसरा प्रकार: भाड्याचे तयार दुकान. शॉपिफाय, विक्स ही या प्रकारातली नावे. दरमहा किंवा वर्षाचे भाडे भरायचे, सांभाळणे त्यांच्याकडे. शिकायला सोपे. पण भाडे थांबले की दुकान बंद.

तिसरा प्रकार: फुकट सॉफ्टवेअर, जागा आपली. वर्डप्रेस हे यातले सर्वांत चालणारे. ते 2003 मध्ये निघाले. त्याला वूकॉमर्स जोडले की दुकान होते. द्रुपल आणि जूमला ही याच जातीची, पण घरच्या घरी शिकायला वर्डप्रेस सोपे. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, तरी सर्व्हरवरच्या जागेचे वार्षिक भाडे आहे आणि नावाचे नूतनीकरण आहे. शिवाय निगा आहे. नवी आवृत्ती आली की चढवावी लागते, नाहीतर चोर शिरतात. लागण करून भांगलण केली नाही तर जे होते तेच इथे होते.

चौथा प्रकार: खास आपल्यासाठी लिहून घेतलेले सॉफ्टवेअर. हवे तसे होते, पण खर्च सर्वांत जास्त, आणि लिहिणारा गेला की दुरुस्तीला दुसरा माणूस सहज मिळत नाही. छोट्या धंद्याने या वाटेला लवकर जाऊ नये.

याशिवाय मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा आहेत. तो अडतीचा व्यवहार समजा. गिऱ्हाईक त्यांचे, कमिशन त्यांचे, नियमही त्यांचे.

यातले आपले कोणते, हे वही सांगते. स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक, आपण नग विकतो की तारीख? काकवीची बाटली आज विकली काय आणि महिन्याने विकली काय, बाटली तीच. तिथे दुकानाचे सॉफ्टवेअर योग्य. (गुऱ्हाळाचे उदाहरण दिले म्हणून गैरसमज नको. नोंदीचा ऊस कारखान्यालाच घालावा!) रोपे, भाड्याचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर हे तारखेचे धंदे. तिथे तारखेनिहाय बुकिंग घेणारी सोय हवी. वूकॉमर्समध्येही त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते.

दोन, माल कुरिअरने जातो का? जात नसेल तर लांबच्या गिऱ्हाइकासाठी दुकान मांडून उपयोग काय? रोपांचे ट्रे टेंपोनेच जाणार.

तीन, रोज उघडून बघणार कोण? घरात असा एक माणूस ठरलेला नसेल तर कितीही भारी वेबसाइट केली तरी ती बंद पडलेल्या मोटारीसारखी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे मालकी. दुसऱ्या एका सभासदाने ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. नाव, म्हणजे डोमेन, त्या मुलाच्या खात्यावर आणि पासवर्डही त्याच्याकडेच. मुलगा नोकरीला लांब गेला, फोन बदलला, नूतनीकरण राहिले आणि नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतले. वाटिकेच्या पाटीवर, पिशवीवर, पावतीवर छापलेला पत्ता आता भलतीकडे उघडतो. डोमेन हा वेबसाइटचा सातबारा आहे. तो आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर आणि आपल्याच फोनवर हवा. पासवर्ड घरातल्या दोन माणसांना माहीत हवा.

फुकट मिळालेल्या जागेवरही पूर्ण विसंबू नये. गुगलच्या नोंदीतून छोट्या धंद्यांना फुकट वेबसाइट मिळत असे. ती सोय गुगलने मार्च 2024 मध्ये बंद केली. नोंद राहिली, वेबसाइट गेल्या. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेताना विचारा: "उद्या सोडायचं झालं तर माझी गिऱ्हाइकांची यादी मला परत मिळेल का?" उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे बघा. आणि यादीची प्रत महिन्यातून एकदा आपल्याकडे उतरवून ठेवा.

आमच्या त्या पहिल्या सभासदाचे पुढे काय झाले? 2024 च्या आडसालीला त्यांनी दुकान बंद केले. सूनबाईंच्या वहीतले रकाने जसेच्या तसे गुगल फॉर्ममध्ये घातले. फॉर्म मराठीत. भरला की माहिती तक्त्यात जमा होते. तक्त्यात लॉटनिहाय बेरीज. वीस हजार झाली की त्या लॉटची निवड फॉर्ममधून सूनबाई स्वतः काढून टाकतात. ॲडव्हान्स यूपीआयने, आणि पैसे बघूनच व्हॉट्सॲपवर "बुकिंग पक्के" असा निरोप. ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांनी फोन करायचा. सूनबाई भरून घेतात. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. त्या हंगामात एकही टेंपो रिकामा परत गेला नाही. आदल्या वर्षी रागावून गेलेल्यांपैकी दोघे परत आले, बाकीचे अजून आलेले नाहीत. विश्वास हा खोडव्यासारखा आपोआप फुटत नाही, त्याची नवी लागण करावी लागते.

पुढे वाटिका वाढली, तालुक्याबाहेरचे गिऱ्हाईक आले, तर वर्डप्रेसवर बुकिंगची जोडणी घेऊन स्वतःची वेबसाइट करण्याचा त्यांचा विचार आहे. आता तो विचार योग्य आहे, कारण काय हवे ते त्यांना माहीत झाले आहे.

तरी सभासदांना विनंती की, वेबसाइटसाठी कोणालाही पैसे देण्यापूर्वी आपली बुकिंगची वही किंवा पावतीपुस्तक घेऊन गट कार्यालयात यावे. वही नसेल तर आधी एक हंगाम वही घालावी. वहीतले रकाने पाहून कोणता प्रकार सोईचा ते आपण मिळून ठरवू. आणि येताना घरात बुकिंग लिहून घेणारे जे कोणी असेल, सून, मुलगी किंवा मुलगा, त्यांना बरोबर आणावे. आम्हाला जे सुचले नाही ते त्यांना माहीत असते, हे आम्ही 2023 साली चांगलेच शिकलो आहोत.

— ऊस विकास अधिकारी