शेन्झेनमध्ये नवा फोन इतक्या झटपट बाजारात कसा यायचा?

चीनच्या शेन्झेनमधला छोटा उद्योजक सर्किट बोर्ड शून्यापासून बनवत बसत नाही. तिथे ‘गोंगबान’ मिळतो, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार बोर्ड. डिझाइनवाली कंपनी तो स्वस्तात देते, कधी चक्क फुकट! तिची कमाई त्यावर बसणाऱ्या पार्ट्सच्या विक्रीतून. बाहेरची बॉडीही तयार मिळते. 2000 नंतर तैवानच्या मीडियाटेकने चिपसोबत सॉफ्टवेअरही द्यायला सुरुवात केली, आणि मग काय, मोजकी माणसं असलेलेही फोन काढू लागले. पार्ट कमी पडला तर हुआचियांगबेई मार्केट आहेच.

पण तुमच्याकडचा बोर्ड शेजाऱ्याकडेही असतो, त्यामुळे भाव लगेच पडतो. भांडवल अडकायचं ते इथेच. म्हणून कुणी दोन सिम घातले, कुणी दणदणीत स्पीकर.