भेगेत पडलेला कोळसा

बोथ गावच्या कापसाच्या रानात वैशाखात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. काळी रेगड वाळली की आकसते आणि पावसाने फुगून भेगा मिटवते. पण तोवर वरची माती, काडीकचरा, कोळशाचे तुकडे खाली गेलेले असतात. म्हणून इथे हातभर खोल मिळालेला कोळसा जुना असेलच, असं नाही. सैबेरियातली जमीनही अशीच तडकते, मात्र उन्हाने नव्हे, कडाक्याच्या थंडीने. वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी भेगेत उतरून गोठतं, पुढच्या हिवाळ्यात बहुधा तिथेच पुन्हा तडा जातो, आणि हजारो वर्षांत काही मीटर रुंद बर्फाची पाचर तयार होते. आपली भेग मिटते, तिथली वाढत जाते, हा आणखी एक फरक!

या पाचरीचं वय काढायला कार्बन-१४ वापरतात. सजीव मेला की त्यातला हा कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. विलर्ड लिबी यांना या पद्धतीसाठी १९६० चं नोबेल मिळालं. पण बर्फ म्हणजे निव्वळ पाणी. कार्बन असतो तो त्यात अडकलेल्या शेवाळात, काड्यांत, हवेच्या बुडबुड्यांत. काडी मोजली तर ती कधी मेली एवढंच कळतं, भेगेत कधी पडली ते नाही. गोठलेल्या जमिनीत काही कुजत नाही, त्यामुळे नदीने काठ कापून आणलेली हजारो वर्षांची काडीही ताजी दिसते. मॉस्कोचे संशोधक युरी वासिलचुक यांचं म्हणणं असं, की एकाच थरातल्या अनेक तारखांपैकी सर्वांत अलीकडची खरीच्या जवळची धरावी.

यावर आक्षेप रास्त आहे: अलीकडची तारीख मुळांच्या शिरकावानेही येऊ शकते. कार्बन-१४ अजिबात न उरलेल्या नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला, तर वय सुमारे ३७ हजार वर्षं भरतं. माझ्या मते पद्धतीच्या मर्यादेजवळ, म्हणजे ५० हजार वर्षांच्या आसपास, हा धोका मोठा; त्याहून बऱ्याच अलीकडच्या पाचरीत जुन्या काडीचा. निवाडा क्रमाने करावा. नवा तडा बहुधा मधोमध जातो, म्हणून कडेचा बर्फ जुना आणि मधला नवा असायला हवा. कडेकडून मध्याकडे तारखा त्याच ओळीने येत असतील, तर त्यांवर भरवसा ठेवता येतो. भेसळ अशी शिस्त पाळत नाही.

मग आपल्याकडच्या तारखांचं काय? घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असा खापरांचा क्रम, इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० असा काळ. तो मानायचा, कारण खापरांचा क्रम आणि कार्बनच्या तारखा एकमेकांना धरून आहेत. एखादा कोळसा खोल मिळाला म्हणून नव्हे. त्यातही जळलेलं धान्य खोडाच्या कोळशाहून भलं: दाणा एका हंगामाचा असतो, खोडाचा गाभा मात्र झाड तोडण्याच्या कितीतरी आधी तयार झालेला असतो.

तेव्हा बोथकडे विहीर खणताना खापरं आणि कोळसा दिसला, तर कोळसा लगेच उचलू नका. आधी खड्ड्याची भिंत न्याहाळा: तो थरात आहे, की वरून उतरलेल्या भेगेत?