आगीला राखण हवी

बचत गटाच्या कामानिमित्त पुण्याच्या मार्केट यार्डात माझं नेहमी जाणं होतं. आंब्याच्या दिवसांत तिथे जिकडे तिकडे पेंढा, भुसार विभागात पोती, शिवाय कागदाची रद्दी. मैत्रिणींनो, माणूस पहिल्यांदा आकाशात गेला तो जवळजवळ याच सामानावर, बरं का!

फ्रान्समधल्या माँगोल्फिए घराण्याचा कागदाचा कारखाना होता. होळीत जळक्या कागदाचे कपटे वर उडतात ना, तशा हलक्या वस्तू वर जातात हे जोसेफ आणि एतिएन या भावांनी हेरलं. त्यांना ती धुराची करामत वाटली. खरं तर हवा तापली की विरळ आणि हलकी होते, म्हणून वर चढते. 4 जून 1783 रोजी त्यांनी जाड्याभरड्या कापडाचा, आतून कागद लावलेला फुगा उडवला. खाली पेंढा आणि लोकर जाळली होती. सप्टेंबरात मेंढी, बदक आणि कोंबडा वर जाऊन सुखरूप उतरले.

21 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसं उडाली, पिलात्र द रोझिए आणि दार्लांद. जेमतेम 25 मिनिटं. वर असतानाच कापडाला आगीने भोकं पडू लागली. दार्लांदने ओल्या स्पंजने ती विझवली. म्हणजे पेंढाही घालायचा आणि आगही आवरायची!

पुढच्याच वर्षी, 4 जून 1784 ला, लिऑन शहरातून एलिझाबेथ तिब्ल उडाली. मोकळ्या फुग्यातून उडणारी ती पहिली स्त्री. ती नुसती शोभेला बसली नव्हती. वाटेत भट्टीत इंधन तिनेच घातलं.

आपल्याकडे 26 नोव्हेंबर 2005 रोजी विजयपत सिंघानिया वयाच्या 67व्या वर्षी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून 21 हजार मीटरवर पोचले. उतरले ते सिन्नरजवळच्या पांचाळे गावात. त्या फुग्याच्या ज्योतीही त्यांच्याच ताब्यात होत्या.

हे सगळं आठवायला कारण झालं दिवाळीत सोडायचे कागदी उडते कंदील. युक्ती तीच, पण आगीपाशी माणूस नाही. वारा नेईल तिकडे तो जाणार आणि वात विझण्याआधी अडकला, तर जिथे अडकेल तिथे पेटवणार. धान्य निवडणाऱ्या एकीने मला विचारलं, "ताई, पोत्यांच्या थप्पीवर पडला तर आमची रोजी कोण देणार?"

यावर काय बोलणार? आमच्या गटातल्या बायकांनी ठरवलं, असा कंदील घरात आणायचा नाही. मुलांनी हट्ट केला तर त्यांना एलिझाबेथची गोष्ट सांगायची आणि बांबूच्या काड्यांचा, रंगीत कागदाचा आकाशकंदील त्यांच्याकडूनच करून घ्यायचा. तो दारात टांगू, आत विजेचा दिवा लावू. तुम्हीही या दिवाळीला एवढं कराल ना?