दारावरची मिरची आणि नाकाशी धरलेली मिरची

शनिवारी सकाळी ठाणे वा डोंबिवली स्टेशनलगतच्या बाजारात दुकाने उघडत असतानाच लिंबू-मिरचीच्या माळा घेऊन विक्रेता दारोदार फिरताना आढळतो. जुनी माळ उतरते, नवी चढते. नव्या सदनिकेची यथासांग वास्तुशांत झालेली असली, तरी चौकटीवर घोड्याची नाल ठोकली जाते, अर्धवट इमारतीवर काळी बाहुली लोंबते आणि अमावास्येच्या रात्री तिठ्यावर दहीभाताचा उतारा पडतो. संकुलासाठी पिंपळ तोडला, तरी त्यावरचा मुंजा मात्र रहिवाशांबरोबर राहावयास येतोच.

याला निव्वळ अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाला पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर असे दिसले, की शांत खाजणात मासेमारी करणारे कोळी मंत्रतंत्र करीत नाहीत. खुल्या समुद्रात जावयाचे असेल तरच करतात. वीस वर्षांच्या कर्जावर घर घेतलेल्या चाकरमान्याचा समुद्रही खुलाच आहे. नोकरी गेली, मूल आजारी पडले, की दोष वास्तूवर जातो. दारावरची माळ हा त्याचा विम्याचा हप्ता होय, आणि तो स्वस्त आहे. त्यावर कोरडे ओढण्यात समाजसुधारकांनी आपली शक्ती फार खर्चू नये.

अनर्थ पुढे आहे. २०२० च्या जुलै महिन्यात कल्याणजवळच्या अटाळी गावात भूत उतरविण्याच्या नावाखाली झालेल्या मारहाणीत एक प्रौढ पुरुष व त्याची वृद्ध आई, दोघेही प्राणास मुकले. अटक झालेल्यांत नातेवाईकच होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. दृष्ट काढणे तीत नाही. पण भूत उतरविण्यासाठी माणसाला दोरखंडाने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. दारावर टांगलेली मिरची आणि नाकाशी धरलेली मिरची यांतील रेषा कायद्याने नेमकी ओळखली आहे.

तथापि कायद्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः आहे तो पैसे उकळणारा भोंदू. मारणारे घरचेच आणि मार खाणाराही घरचाच असेल, तर वेळीच पोलीस ठाण्याची पायरी चढावयाची कोणी? शेजारी तो ‘घरचा मामला’ समजतात. कोणी एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर भगताआधी डॉक्टर आठवावा एवढी ओळखही या रुग्णांच्या घरी पोहोचलेली नसते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. अटाळीलगतच्या आंबिवली स्टेशनहून लोकलने ठाणे तासाभराच्या आत येते.